पेपरात नसलेलं नाटक

आम्हाला इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या बाईंना सगळी शाळा नाटकबाई म्हणायची. तोंडावर नुसतं बाई, पाठीमागे नाटकबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकतही नव्हती. ठेंगणा बांधा, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि आवाज असा की तळमजल्यावर बोलल्या तर गच्चीवरची कबुतरं उडावीत.

शेवटच्या वर्षी मंडळाची परीक्षा असायची. साहित्याच्या पेपरासाठी मंडळ एक कादंबरी, काही कविता आणि एक नाटक नेमून द्यायचं. ही पुस्तकं चार-पाच वर्षं तीच राहायची, मग बदलायची. आमच्या वेळचं नाटक एका म्हाताऱ्या नावाड्याचं होतं. नदीवर पूल व्हायचा असतो. जन्मभर लोकांना पैलतीरी सोडणारा हा म्हातारा तो पूल होऊ नये म्हणून जिवाचं रान करतो. बस्स, एवढीच गोष्ट. पण बाईंनी बाकं सरकवून वर्गात होडी केली, फळ्यापासून खिडकीपर्यंत खडूने नदी काढली आणि आम्हाला त्या नदीत उतरवलं. मी नावाड्याची मुलगी होते. पुलाचा इंजिनिअर होता आमचा वकील. म्हणजे वर्गातला एक मुलगा, ज्याला प्रत्येक गोष्टीत वाद घालायची खोड होती म्हणून हे नाव पडलं होतं. तो नावाड्याशी इतका तावातावाने भांडायचा की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दार ठोठावायचे.

वर्ष संपेपर्यंत ते नाटक आमच्या अंगात मुरलं होतं. कुठल्याही पानावरचं कुठलंही वाक्य द्या, पुढचं आम्ही म्हणून दाखवलं असतं. इतकी तयारी झालेला वर्ग आपल्याला आजवर मिळाला नव्हता, असं बाई स्वतः म्हणाल्या होत्या.

इंग्रजीच्या विभागप्रमुख होत्या बाईंच्या नणंद. नणंद-भावजय एकाच शाळेत, एकाच विभागात, म्हटल्यावर लोकांना वाटायचं आता भांड्याला भांडं लागणार. पण त्यांचं नातं नणंद-भावजयीचं नव्हतंच मुळी. कॉलेजात दोघी एका खोलीत राहिलेल्या. शेवटच्या परीक्षेच्या आधी बाई तापाने फणफणल्या, डोळे उघडवेनात, तेव्हा मैत्रिणीने उशाशी बसून सगळा अभ्यासक्रम मोठ्याने वाचून दाखवला होता. पुढे तिनेच बाईंना या शाळेत आणलं आणि मग आपल्याच भावाशी लग्न लावून दिलं. "शाळेत साहेब, घरी वन्सं," बाई हसून सांगायच्या, "मी पळून जाणार तरी कुठे?"

विभागप्रमुख शिस्तीच्या होत्या. कपड्यांना कधी सुरकुती नाही, बोलण्यात कधी फालतू शब्द नाही. व्याकरण शिकवावं तर त्यांनीच. नाटक-बिटक आपल्याला जमत नाही हे त्या मोकळेपणाने सांगायच्या आणि तो सगळा भाग भावजयीवर सोपवायच्या. मंडळाची परिपत्रकं त्यांच्याकडे यायची. काय शिकवायचं ते त्यांनी सांगायचं, कसं शिकवायचं ते बाईंनी ठरवायचं. वर्षानुवर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

त्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी नणंद नेहमीसारखी भावाकडे आली होती. दोघी जेवणाच्या टेबलापाशी बसून वेळापत्रक लावत होत्या. बाईंचा नवरा पोस्टात होता. तो त्याच खोलीत आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत उभा होता.

बाईंनी विचारलं, "काय गं, यंदा नाटक बदललं की काय? बरीच वर्षं झाली त्याला."

"बदललंय, पण पुढच्या तुकडीपासून," नणंद म्हणाली. "यंदा आपला नावाडीच."

"म्हणजे आणखी एक वर्ष या घरात होडी," इस्त्री फिरवता फिरवता नवरा म्हणाला. तिघंही हसले.

परिपत्रक काही कुलपात नव्हतं. बाईंनी मागितलं असतं तर मिळालं असतं. पण घरच्या माणसाने सांगितलेलं कोण पडताळून बघतं? गावात हा विषय घेणारी शाळाही आमची एकटीच, त्यामुळे इतर कुणाच्या हातात वेगळं पुस्तक दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

परीक्षेच्या दिवशी मी पेपर उघडला. कादंबरीचे प्रश्न ओळखीचे, कवितांचेही. पान उलटलं तर नाटकाच्या भागात एका टोप्या शिवणाऱ्या कुटुंबावरचे प्रश्न. थोरल्या भावाने दुकान का विकलं? दुसऱ्या अंकातल्या आगीचं नाटकात काय महत्त्व? मला वाटलं माझ्याच पेपरात काहीतरी घोळ झालाय. मान वर केली तर सगळा वर्गच मान वर करून बघत होता. पर्यवेक्षकांनी पेपराचा क्रमांक तपासला, बाहेर जाऊन कुणाला तरी विचारून आले आणि म्हणाले, "पेपर बरोबर आहे. लिहा."

काय लिहा? माझ्या पुढची मुलगी, वर्गातली सगळ्यात हुशार, हुंदके देऊन रडायला लागली. मी कादंबरी आणि कवितांची उत्तरं लिहिली आणि उरलेला वेळ कोऱ्या पानाकडे बघत बसले. वकिलाने मात्र हार मानली नाही. त्याने नावाड्यालाच टोप्या शिवायला बसवलं आणि आगीत होडी जाळून टाकली. नंतर हे आठवून आम्ही पुष्कळ हसलो, पण त्या दिवशी कुणाला हसू आलं नाही.

फाटकाशी बाई उभ्या होत्या, दरवर्षीसारख्या. आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, "काय रे, अवघड होता का नाटकाचा प्रश्न?"

"बाई, नाटकच नव्हतं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"आपलं नाटक नव्हतं. दुसरंच होतं."

त्यांनी माझ्या हातातून पेपर घेतला. चष्मा लावायचंही त्यांना सुचलं नाही. पेपर डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी वाचला आणि तशाच त्या आत गेल्या. पुढचं सगळं त्यांनी मला फार वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी आम्हाला दिसली ती फक्त त्यांची पाठ.

शिक्षकांच्या खोलीत नणंद एकटीच होती. बाईंनी पेपर तिच्यापुढे ठेवला. तिने वाचला आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"मी वाचलं होतं गं ते परिपत्रक," ती म्हणाली. "मला वाटलं पुढच्या वर्षीपासून आहे. मी चुकीचं वाचलं. अगं, मी काय करून बसले हे!"

ती रडायला लागली. कॉलेजच्या दिवसांपासून बाईंनी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आता रडून काय होणार? झालं ते झालं. आपण दोघी मिळून मुख्याध्यापकांकडे जाऊ, मंडळाला कळवू. मुलांचं बघू आधी. तू एकटी नाहीस." नणंदेने मान हलवली आणि म्हणाली, "उद्या जाऊ. आज माझ्यात त्राण नाही."

मुख्याध्यापक त्याच वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी नणंदेचं नाव जवळजवळ ठरलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंच्या मात्र ते त्या वेळी मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत पोचल्या तेव्हा मुख्याध्यापकांच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आत व्यवस्थापन समितीचे दोन सभासद आणि नणंद. ती लवकर येऊन आधीच आत गेली होती. बाई बाहेर बाकावर थांबल्या. त्यांना वाटलं, बिचारी, एकटीनेच सगळं अंगावर घेतेय. हे सांगताना बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "मला तिची दया येत होती गं. खरंच. बाहेर बसून मी तिच्या बाजूने काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते."

मग त्यांना आत बोलावलं.

"विभागप्रमुखांचं म्हणणं आहे," मुख्याध्यापक म्हणाले, "की नाटक बदलल्याचं त्यांनी तुम्हाला वर्षाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी नणंदेकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"नाही सर. मी विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, यंदा नावाडीच आहे."

"मग नवीन पुस्तकं का मागवली नाहीत, असं आम्हीही त्यांना विचारलं," समितीतले एक जण म्हणाले. "त्यावर त्या म्हणतात, तुम्हीच म्हणालात की मुलं आपापली घेतील, शाळेने मागवायची गरज नाही."

आपण सांगितलं होतं, असं घाबरून माणूस बोलून जातं, ते त्या समजू शकल्या असत्या. पण हा पुस्तकांचा टाका घालायला ती रात्रभर बसली असणार. सुई-दोरा घेऊन बसावं तशी.

"असं मी कधीही म्हटलं नाही," बाई म्हणाल्या. "यंदा नावाडीच, हे त्या मला माझ्या घरी म्हणाल्या. रविवार होता. माझे यजमान तिथेच होते, त्यांना विचारा. त्यांची तर ती बहीण आहे, ते काही माझ्या बाजूने खोटं बोलणार नाहीत."

पोस्ट शाळेपासून हाकेच्या अंतरावर. शिपाई जाऊन नवऱ्याला घेऊन आला. तो दारातच उभा राहिला, बसा म्हटलं तरी बसला नाही. मुख्याध्यापकांनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं आणि विचारलं, "असं काही बोलणं तुमच्यासमोर झालं होतं का?"

त्याने बहिणीकडे बघितलं नाही आणि बायकोकडेही नाही. टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत तो म्हणाला, "मला आठवत नाही."

"अहो," बाई म्हणाल्या, "तुम्ही इस्त्री करत होतात. तुम्ही म्हणालात, आणखी एक वर्ष या घरात होडी. आठवा ना."

"मी घरात लक्ष नाही देत शाळेच्या बोलण्याकडे," तो मुख्याध्यापकांना म्हणाला. "मला खरंच आठवत नाही."

झालं. चौकशी तिथेच संपली.

दुपारी घरी बाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. "आठवत नाही?"

तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "काल संध्याकाळी ती माझ्याकडे आली होती, पोस्टात. पाया पडली माझ्या. मोठी बहीण आहे ती, माझ्या पाया पडली. तिची सगळी नोकरी जाईल, नाव जाईल. तुझं काय होईल? फार तर खालच्या वर्गावर टाकतील. तू खंबीर आहेस. तू निभावून नेशील. ती नाही नेणार."

"म्हणजे कालच ठरलं होतं तुमचं."

"तुला आधी सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस."

"खंबीर" हा शब्द त्यानंतर आपल्याबद्दल कुणी वापरलेला सहन होत नाही, असं बाई म्हणाल्या. एखाद्याच्या पाठीवर ओझं टाकायचं असलं की लोक आधी पाठीचं कौतुक करतात.

आम्हाला यातलं काहीएक माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होती ती पालकांची सभा. हॉल खचाखच भरला होता. माझी आई, जी दूधवाल्याशीही कधी मोठ्याने बोलली नाही, ती उभी राहून म्हणाली, "वर्षभर मुलांना होड्या वल्हवायला लावल्या आणि पुस्तक कुठलं ते बघितलं नाही? ही काय थट्टा आहे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुख व्यासपीठावर बसल्या होत्या, ताठ. बाई भिंतीशी उभ्या होत्या. कुणीतरी ओरडलं, "त्या काही बोलणार आहेत की नाही?"

बाई पुढे आल्या. तो कबुतरं उडवणारा आवाज पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला आम्ही. "मला जे सांगायचं होतं ते मी चौकशीत सांगितलं आहे. माझ्या वर्गातल्या मुलांचं नुकसान झालं. त्याबद्दल मी त्यांची माफी मागते."

आम्ही त्याला कबुली समजलो. दुसरं काय समजणार? आम्हाला फसवल्यासारखं वाटत होतं. जिने आम्हाला नदीत उतरवलं तिनेच मध्यावर होडी सोडून दिली, असं. शाळेत शेवटचे दाखले घ्यायला गेलो तेव्हा त्या व्हरांड्यात समोरून आल्या. आम्ही सात-आठ जण होतो. एकानेही त्यांना नमस्कार केला नाही. वकील तर मुद्दाम पाठ करून उभा राहिला.

मंडळाने पुढे बाकीच्या उत्तरांच्या सरासरीवरून आम्हाला नाटकाचे गुण दिले. कुणी नापास झालं नाही. ती रडणारी हुशार मुलगी तेवढी तिला हव्या त्या कॉलेजात जाऊ शकली नाही. तिचं नुकसान खरं, ते कुणी भरून दिलं नाही.

बाईंना खालच्या वर्गांवर टाकलं. नणंद मुख्याध्यापिका झाली. बाईंच्या रजेच्या अर्जावर आता तिची सही लागायची. एक वर्ष बाईंनी तसं काढलं. घरीही तेच. नवऱ्याशी गॅस, दूध, किल्ली एवढंच बोलणं. त्याला वाटत राहिलं की हळूहळू सगळं पूर्ववत होईल. रविवार आला की तो बहिणीला फोन करून येऊ नको म्हणून सांगायचा आणि आपण बायकोसाठी केवढं करतोय अशा चेहऱ्याने बसायचा. एका सकाळी बाईंनी राजीनामा टाकला, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या आणि तिथल्याच एका लहान शाळेत नोकरी धरली. त्या शाळेत वरचे वर्गच नव्हते. नेमलेली पुस्तकं नाहीत, मंडळाची परीक्षा नाही. त्यांनी हीच शाळा निवडली ती म्हणूनच.

माझ्या मुलीला मी त्याच शाळेत घातलं, तेव्हा तिथे बाई शिकवतात हे मला माहीत नव्हतं. पहिल्या पालकभेटीला वर्गात शिरले तर समोर बाई. केस पांढरे, निवृत्तीचं वय उलटलेलं, चष्मा तसाच दोरीला. त्यांनी मला ओळखलं. "नावाड्याची मुलगी," त्या म्हणाल्या. मी काय बोलावं ते न कळून म्हणाले, "बाई, तुम्ही त्या वर्षी असं कसं केलंत?" मुलीचा विषय बाजूलाच राहिला. त्यांनी मला शाळा सुटेपर्यंत थांबायला सांगितलं, आणि मग रिकाम्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकांवर बसून, हे सगळं सांगितलं.

"तुम्ही आम्हाला तरी सांगायचं होतं," मी म्हणाले.

"आणि तुम्ही विश्वास ठेवला असतात? एकीकडे विभागप्रमुख, एकीकडे माझा सख्खा नवरा. कुणाला पटलं असतं माझं? दोघं माझ्यापाशी कबूल झाले होते, तरी सगळं गाव एकच सांगायला लागल्यावर मलाच एकेकदा शंका यायची. वाटायचं, खरंच तिने सांगितलं असेल आणि मी विसरले असेन. तो रविवार मी इतक्या वेळा आठवला की झिजून गेला."

"मग खात्री कशी झाली?"

"ती आली होती. निवृत्त झाल्यावर." बाईंनी चष्मा काढून पदराने नव्हे, तळहाताने डोळे पुसले, पण त्या रडत नव्हत्या. "दारात उभी राहून म्हणाली, माझी चूक झाली, मला माफ कर. मी म्हटलं, अगं, परिपत्रक चुकीचं वाचलंस ती चूक. ती मी त्याच दिवशी माफ केली होती, तुझ्या पाठीवर हात ठेवला होता मी. दुसऱ्या दिवशी तू जे केलंस ती चूक नव्हती. चूक नकळत होते."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, आता मी काय करू म्हणजे तुझं समाधान होईल? मी म्हटलं, माझं राहू दे. त्या वर्गातली मुलं अजून गावात आहेत. त्यांना बोलाव आणि सांग. एवढंच कर. ती म्हणाली, विचार करते. मी दार लावून घेतलं. अजून विचारच करतेय."

घरी आल्यावर मी वकिलाला फोन केला. तो काही खरोखरचा वकील झाला नाही, त्याचं फरशांचं दुकान आहे. त्याने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन बाईंच्या खोलीवर गेला. मीही सोबत होते. तो खाली मान घालून बसला आणि शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही भांडला का नाहीत?"

"भांडले," बाई म्हणाल्या. "हरले."

मग त्यांनी त्याला विचारलं, आगीत होडी जाळली होतीस असं ऐकलं, ते कसं काय जमवलंस? तो हसला आणि हसता हसता त्याला रडू आलं.

आता आम्ही काही जण बाईंकडे जात असतो. मुख्याध्यापिकाबाई गावातच आहेत, सकाळी फिरायला निघतात, भेटल्या की मुलाबाळांची चौकशी करतात. आम्हाला सगळं कळलंय हे त्यांना कळलंय की नाही, कोण जाणे. वकिलाने एकदा त्यांना रस्त्यात गाठून तोंडावर विचारायचं ठरवलं होतं, बाईंनीच त्याला थांबवलं. विचारून काढलेलं उत्तर आपल्याला नको, असं त्या म्हणाल्या.

नवऱ्याची दृष्टी हल्ली फार अधू झाली आहे. बाई आठवड्यातून एकदा जुन्या घरी जातात आणि त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. हे कळलं तेव्हा मला धक्काच बसला. मी विचारलं, "माफ केलंत त्यांना?"

"नाही."

"मग कशाला जाता?"

"त्याला दिसत नाही म्हणून."

"ते कधी बोलतात का त्याबद्दल?"

"गेल्या महिन्यात बोलला. मधेच मला थांबवून म्हणाला, मला आठवत होतं. तेव्हाही आठवत होतं. मी म्हटलं, ते मला माहीत आहे. आणि राहिलेली बातमी वाचून पूर्ण केली."

खाली दुकानात शिंप्याचं मशीन चालू होतं. बाई उठल्या, वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि मला म्हणाल्या, "तुझ्या मुलीचं अक्षर अजिबात चांगलं नाही. घरी जरा लक्ष दे."